नापास करून कोण शिकलं?

दहावीचा निकाल लागला की मुंबईत चार-आठ दिवस एक ठरलेला शोक चालतो. महापालिकेच्या शाळांचा टक्का किती, खासगी शाळांचा किती, दोन्हींतलं अंतर किती वाढलं. मग निदान होतं, आणि अलीकडे या निदानावर विलक्षण एकमत झालेलं दिसतं. निवृत्त मुख्याध्यापकांची वृत्तपत्रांतली पत्रं वाचा, भाषणं ऐका, सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात डोकवा, सगळ्यांचा आरोपी एकच: ढकलपास. आठवीपर्यंत कुणालाच नापास करायचं नाही या नियमानं गरिबाघरची पोरं बिघडली, परीक्षेची भीती गेली, शिक्षकाचा धाक गेला, आणि न शिकलेली ही सगळी पोरं नववीच्या दारात येऊन आदळली. उपाय ओघानंच येतो. पुन्हा नापास करा.

हा उपाय आता गप्पांपुरता राहिलेला नाही. २०१९ च्या सुरुवातीला संसदेनं शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती करून पाचवी आणि आठवीत मुलाला मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये नियम बदलून ती पदरात पाडून घेतली. वार्षिक परीक्षा, तीत नापास झाला तर फेरपरीक्षा, तीतही नापास झाला तर पुन्हा तोच वर्ग. 'उशिरा का होईना, शहाणपण सुचलं' अशी दाद तेव्हापासून चहूकडून मिळते आहे. माझ्या मते यात शहाणपण नाही. यात एक जुनी सोय आहे, आणि ती मुलांची नाही.

आधी समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करून टाकतो. पूर्व उपनगरातल्या पालिकेच्या एका माध्यमिक शाळेत मी नववी-दहावीला गणित शिकवलं. नववीत आलेल्या कितीतरी मुलांना एक परिच्छेद सलग वाचता येत नाही, ही अफवा नाही. एका मुलाची वही अजून डोळ्यांपुढे आहे. अक्षर मोत्यासारखं, समासाच्या रेघा पट्टी धरून लाल पेनानं मारलेल्या, दोन चलांतील रेषीय समीकरणं फळ्यावरून जशीच्या तशी उतरवलेली. कुठे खाडाखोड नाही. शेवटच्या पायरीला ८१६ भागिले ४ करायचं होतं, आणि तेवढं मी फळ्यावर मुद्दाम सोडून दिलं होतं. त्यानं उत्तर लिहिलं, २४. आठाला चारानं भागलं, दोन आले. एकाला भाग जात नाही म्हणून पुढचा सहा खाली घेतला, सोळाला चारानं भागलं, चार आले. मधलं शून्य राहिलं. मी शेजारी बसून विचारलं, "आठशे सोळा रुपये चौघांत वाटले तर एकेकाला चोवीसच येतात का रे?" तो ओशाळून हसला. "नाही सर, दोनशे चार." तोंडी, एका क्षणात. त्याच्या घरी भंगार निवडायचं काम चाले. पुठ्ठा, लोखंड, प्लास्टिकच्या भावांवर तो माझ्यापेक्षा झपाट्यानं हिशोब करायचा. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबद्दल अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये नेमकं हेच मांडलं: गिऱ्हाइकापुढे बिनचूक हिशोब करणारी मुलं तशीच गणितं कागदावर आली की अडतात.

आता ढकलपासवर राग असलेले लोक या वहीवर बोट ठेवून म्हणतील, बघा, हाच पुरावा. मी त्याच वहीवर बोट ठेवून विचारतो, या मुलाला चौथीत नापास केलं असतं तर ते शून्य त्याला कुणी दाखवलं असतं? कोणत्या तासाला? चूक तिसरी-चौथीतली आहे आणि ती पाच वर्षं कुणी पाहिली नाही. नापास करणं म्हणजे ती पाहणं नव्हे. शंभरातले एकोणतीस असा आकडा प्रगतिपुस्तकात पडला असता आणि तो मुलगा पुन्हा त्याच खोलीत, तेच पुस्तक घेऊन बसला असता. या वेळी फक्त त्याचे सोबती एक वर्षानं लहान असते.

नापास होण्याचा काळ आपल्याकडे होऊन गेलेला आहे, हे इतक्या लवकर कसं विसरलो आपण? चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या वर्गात शेवटच्या बाकावर मिसरूड फुटलेले दोघं-तिघं होते. त्यांना पाणी आणायला पाठवायचे, खडू आणायला पाठवायचे, मारायचेही तेच हाताशी. त्यांच्यातले किती जण दहावीच्या परीक्षेला आपल्याबरोबर बसले, हे ज्यानं त्यानं आठवून पाहावं. त्या काळी शाळांचा निकाल चांगला लागायचा असं सांगितलं जातं. लागेल नाही तर काय! ज्यांच्यामुळे तो पडला असता ती मुलं तोवर गॅरेजमध्ये, टपरीवर, कुणाच्या तरी धुण्याभांड्यांना लागलेली असायची. गरिबाचं मूल नापास झालं की ते वर्ष पुन्हा करत नाही. घरी एक विचार होतो आणि ते कामाला जातं. शिकवणी, समुपदेशक, दुसरं बोर्ड, परगावी मामाकडे शिकायला पाठवणं, या सगळ्या सोयी असलेल्या घरांना नापास हा धक्का असतो. झोपडपट्टीत तो निरोप असतो.

कायद्याचं तर आपण फारच गमतीशीर वाचन केलं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातलं कलम १६, म्हणजे कुणाला मागे ठेवायचं नाही, हे रिक्षावाल्यालाही तोंडपाठ. पण त्याच कायद्याचं कलम ४ म्हणतं, शाळाबाह्य मुलाला वयाप्रमाणे वर्ग द्या आणि बरोबरीला आणण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्या. कलम २४ म्हणतं, शिक्षकानं प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत जोखावी आणि लागेल तिथे जादा शिकवावं. कलम २७ म्हणतं, जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडल्या तर शिक्षकाला दुसऱ्या कामाला जुंपू नका. परिशिष्टात वर्गाची मापं दिलेली आहेत: प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक, उच्च प्राथमिकला पस्तीसमागे एक. ही सगळी कलमं एकमेकांच्या आधारानं उभी होती. कुणाला मागे ठेवू नका, कारण मागे पडणाऱ्याला वर्षभर हात देण्याची व्यवस्था आम्ही करत आहोत, असा तो करार होता. आपण काय केलं? ज्या कलमाला एक पैसा लागत नव्हता ते दुसऱ्या दिवशी अमलात आणलं. ज्यांना माणसं लागत होती, वेळ लागत होता, ती फायलीत ठेवली. आणि दहा वर्षांनी कायदा फसला म्हणून ओरड केली.

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचं काय झालं ते ज्यांनी खडू धरलाय त्यांना ठाऊक आहे. २० ऑगस्ट २०१० चा शासन निर्णय कागदावर सुंदर होता. आकारिक मूल्यमापन म्हणजे निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची लेखी. आणि प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकानं स्वतः पाहून लिहिलेली वर्णनात्मक नोंद. काही महिन्यांत या वर्णनात्मक नोंदींच्या छापील पुस्तिका बाजारात आल्या. विषयवार, इयत्तावार. 'गणितातील संकल्पना स्पष्ट आहेत', 'गटात सहकार्याने काम करतो', 'परिसराविषयी जिज्ञासा दाखवतो'. पन्नास-साठ मुलांच्या नोंदी भरायच्या, वरून तपासणी यायची, तर शिक्षक पुस्तिका उघडून ओळी फिरवायचे. माझ्या त्या ८१६ वाल्याच्या पाचवीच्या नोंदीत 'भागाकाराच्या क्रिया अचूक करतो' असं लिहिलेलं असणार, यावर मी पैज लावायला तयार आहे. शिक्षकांना मी यातून सोडत नाही. पण ज्यांना मतदार याद्या घेऊन गल्लीबोळ फिरायला लावलं, पोषण आहाराचे आणि गणवेशाचे हिशोब लिहायला लावलं, ज्यांच्या रिकाम्या जागा वर्षानुवर्षं भरल्या नाहीत, त्यांच्याकडून कलम २४ पाळलं जावं ही अपेक्षा कुठल्या तोंडानं करायची? मे २०१२ मध्ये राज्यानं शिक्षकभरतीवरच बंदी घातली होती. शिक्षणसेवकाचं मानधन प्राथमिकला महिना ६ हजार होतं. ते १६ हजार व्हायला २०२३ उजाडलं. बिगाऱ्याची रोजंदारी याहून बरी.

आता टक्केवारीकडे येऊ, कारण सगळा गहजब तिच्यावरच उभा आहे. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये ७७.१० झाला. २०२० मध्ये ९५.३०. २०२१ मध्ये ९९.९५. पालिकेच्या शाळांची उडी त्याहून अचाट: २०१९ मध्ये सुमारे ५३ टक्के आणि पुढच्याच वर्षी ९३ च्या घरात. आता सांगा, या एका वर्षात काय घडलं? ढकलपासचं पीक तर दोन्ही वर्षी तेच होतं. दोन्ही तुकड्या त्याच नियमाखाली आठवी ओलांडून आलेल्या, त्याच शाळांतल्या, त्याच वस्त्यांतल्या. घडलं एवढंच की २०१९ मध्ये अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा विषयांचे शाळेच्या हातातले २० अंतर्गत गुण मंडळानं काढून घेतले होते. निकाल कोसळला, आरडाओरडा झाला, गुण परत दिले, निकाल टुणकन वर आला. त्यात करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरीनं गुण मिळाले. २०२१ मध्ये तर परीक्षाच झाली नाही, आणि जवळपास सगळा महाराष्ट्र उत्तीर्ण.

५३ टक्के आले तेव्हा ज्यांनी ढकलपासच्या नावानं बोटं मोडली, त्यांनी ९३ आले तेव्हा ढकलपासचा सत्कार करायला हवा होता. केला नाही. प्रशासनानं मात्र आपल्या 'विशेष प्रयत्नां'ची प्रसिद्धिपत्रकं काढली. माझ्या मते ५३ हे अपयश जितकं फसवं तितकंच ९३ हे यश. दोन्ही वर्षी ८१६ भागिले ४ चं उत्तर २४ लिहिणारी मुलं तेवढीच असणार. ज्या पट्टीच्या खुणा दर वर्षी सरकतात तिच्यावर उंची मोजून मुलांना शिक्षा करायची, हा न्याय मला समजत नाही.

आणि शंभर टक्के निकालवाल्या शाळांचं गुपित काय? ते सगळ्यांना माहीत असतं, छापत कुणी नाही. नववी ही तिथली गाळणी. दहावीत टिकणार नाही असं वाटणारं मूल नववीत थांबवायचं, पालकाला बोलावून 'दाखला घ्या, बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरा' असा प्रेमळ सल्ला द्यायचा. निकालाच्या फलकावर शंभर टक्के झळकतात, गाळलेली मुलं कुठल्याच शाळेच्या हिशोबात धरली जात नाहीत. हीच मुलं मग दाखला घेऊन पालिकेच्या शाळेत येतात. पालिकेच्या शाळेला नाही म्हणायची सोय नसते. पुलाखालून उठवलेलं कुटुंब जानेवारीत आलं तरी मूल घ्यायचं. मदरशातून आलेलं, गावाकडून आलेलं, मधली तीन वर्षं कुठेच नसलेलं, सगळं घ्यायचं. एका बाजूनं सगळ्यांना गोळा करायचं आणि दुसऱ्या बाजूनं गाळून घेणाऱ्यांशी टक्क्यांची तुलना करायची. अशा तुलनेत पालिकेची शाळा जिंकली तरच आश्चर्य. नापासवाद्यांची मागणी सरळ भाषेत सांगायची तर एवढीच आहे की गाळणी पालिकेच्या शाळेलाही द्या. निकाल सुधारेल यात मला शंका नाही. मुलं सुधारतील असं मात्र त्यांनाही वाटत नसावं.

ही गाळणी आठवीला लावणं हा तर कळस आहे. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाचा. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यानं पालिकेवर प्राथमिक शिक्षण बंधनकारक केलं. माध्यमिक शिक्षण तिच्या ऐच्छिक कामांत मोडतं. म्हणून या शहरात प्राथमिक शाळांच्या मानानं पालिकेच्या माध्यमिक शाळा थोड्या. त्यात मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड, इंग्रजी अशी माध्यमं. आठवी उर्दूतून झाली आणि उर्दूची नववी दोन रेल्वे स्टेशनं पलीकडे असली, की मुलीची शाळा तिथेच थांबते. तिकडे बालमजुरीचा कायदा २०१६ मध्ये बदलला. चौदा पूर्ण झाली की धोकादायक नाहीत अशा कामांवर ठेवायला बंदी नाही. म्हणजे आठवीतलं मूल ज्या वर्षात असतं त्याच वर्षी शिक्षणाचा कायदा त्याचा हात सोडतो आणि मजुरीचा कायदा त्याला वाट मोकळी करून देतो. नेमक्या या वळणावर सरकारनं त्याच्या हातात नापासचा शेरा द्यायचं ठरवलं आहे. शाळेतून कुणाला काढणार नाही, असं नियम सांगतात. काढायला लागतच नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरणानं २०२० मध्ये तीन ते अठरा वयाच्या शिक्षणाची भाषा केली. ती कायद्यात आणायची घाई मात्र कुणाला दिसली नाही. नापासची घाई दिसली.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी रयतेच्या पैशावर वरच्या वर्गांचं उच्च शिक्षण चालतं आणि प्राथमिक शाळा उपाशी राहतात, ही तक्रार लेखी केली होती. बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा आणि शिक्षकांना बरा पगार द्या, असंही मागितलं होतं. त्यांना गाळणी ओळखता येत होती.

यावर एक हुकमी उत्तर येतं: पालकांनाच काही पडलेलं नाही. फुकट मिळतं म्हणून किंमत नाही. वह्या, दप्तर, बूट, रेनकोट धरून २७ वस्तू पालिका देते, २०१५ पासून आठवीच्या मुलांना टॅबसुद्धा दिले, तरी रडगाणं आहेच! टॅबचं सोडा, टॅबमध्ये आठवीचा अभ्यासक्रम होता आणि अडचण तिसरीची होती. पण पालकांना पडलेलं नाही हे धादांत खोटं आहे. गोवंडी-मानखुर्दच्या कुठल्याही गल्लीत संध्याकाळी सहाला जा. दहा बाय दहाच्या खोलीत एखादी बारावी झालेली मुलगी वीस-पंचवीस पोरांची शिकवणी घेत असते आणि प्रत्येकाच्या घरून महिन्याच्या महिन्याला पैसे येतात. जरीच्या कारखान्यात नगावर काम करणारा बाप ते देतो. पालिकेची फुकट शाळा सोडून फी भरून गल्लीतल्या इंग्रजी शाळेत मूल घालतो, मग ती शाळा कशी का असेना. ज्याला पडलेलं नाही तो माणूस असं करत नाही. त्याची निवड चुकत असेल. आस्था नाही असं कुणी म्हणू नये.

आणि गोवंडी-मानखुर्द ज्यात येतं तो पालिकेचा एम पूर्व विभाग आहे तरी काय? देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून तिथे आहे. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात या विभागाचा निर्देशांक ०.०५ होता, शहरात सगळ्यांत तळाचा. रेल्वेमार्गांच्या कडेनं राहणारी हजारो कुटुंबं प्रकल्पासाठी उचलून वाशी नाका, लल्लूभाई कंपाउंडसारख्या वसाहतींत आणून ठेवली. घरं आधी आली, शाळा मागाहून. एकमेकींना खेटलेल्या त्या इमारतींच्या खालच्या मजल्यांवर दिवसा दिवा लावावा लागतो. माझ्या वर्गातली एक मुलगी पहिल्या तासाला रोज पेंगायची. पाणी पहाटे तीनला येतं आणि भरायची पाळी तिची, हे तिनं नाही, तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. परीक्षेची भीती गेली म्हणून ती पेंगत होती, असं ज्याला म्हणायचं असेल त्यानं एक आठवडा ते पाणी भरून दाखवावं.

परिस्थितीचं रडगाणं पुरे, एक तळमळीचा शिक्षक असला की सगळं होतं, असंही ऐकवलं जातं. दर जूनमध्ये भाजीवाल्याच्या मुलीचे ९२ टक्के आणि तिला पेढा भरवणारे सर पहिल्या पानावर येतात. त्या मुलीचं कौतुक मलाही आहे. पण अशा कथांतली सर्वांत प्रसिद्ध कथा नीट वाचली तर ती उलटंच सांगते. हायमे एस्कालांते हे बोलिव्हियातून आलेले शिक्षक १९७४ मध्ये लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातल्या गारफिल्ड हायस्कूलमध्ये रुजू झाले. गरीब, बहुतेक मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांची शाळा. १९८२ मध्ये त्यांचे अठरा विद्यार्थी कॅल्क्युलसच्या महाविद्यालयीन पातळीच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले; परीक्षा घेणाऱ्या संस्थेला चौदा जणांवर कॉपीचा संशय आला; बारा जण पुन्हा बसले आणि बाराही उत्तीर्ण झाले. (श्रीमंत शाळेच्या मुलांवर असा संशय आला असता का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला.) १९८८ मध्ये त्यावर 'स्टँड अँड डिलिव्हर' हा चित्रपट निघाला, आणि त्या दोन तासांत जगाला असं वाटलं की एक वेडा शिक्षक आला आणि त्यानं हां हां म्हणता चमत्कार केला.

त्या चमत्काराला आठ वर्षं लागली. आधीच्या इयत्तांचं गणित सुधारावं लागलं. हेन्री ग्राडिलास नावाचा मुख्याध्यापक पाठीशी उभा राहिला. सुट्टीत शेजारच्या कॉलेजात जादा वर्ग चालवावे लागले, त्यासाठी पैसा उभा करावा लागला. मुख्याध्यापक बदलले, सहकाऱ्यांशी खटके उडाले, १९९१ मध्ये एस्कालांतेंनी शाळा सोडली आणि काही वर्षांत तो सगळा डोलारा खाली आला. मुलं तीच होती. तळमळही दुसऱ्या कुणात असेल. खालची पायरी राहिली नव्हती.

खालची पायरी कशी बांधायची, हे शोधायला आपल्याला अमेरिकेत जायची गरज नाही. ते याच शहरात, पालिकेच्याच शाळांत सापडलेलं आहे, आणि या सबंध वादातली मला सर्वांत चीड आणणारी गोष्ट ही आहे. १९९० च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांतून सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेनं बालसखी नावाचा उपक्रम केला. वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी. वर्गात मागे पडलेली पंधरा-वीस मुलं. शाळेच्या वेळातच रोज सुमारे दोन तास ती त्यांना वेगळं बसवून वाचन आणि अंकगणिताचा पाया शिकवायची. कोणत्या इयत्तेचं हा प्रश्नच नाही; मूल जिथे अडलंय तिथून सुरुवात. मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याची काटेकोर चाचणी घेतली आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मागची मुलं स्पष्टपणे पुढे आली. खर्च किरकोळ. गंमत म्हणजे ही मुलं बाहेर गेल्यावर मूळ वर्ग लहान झाला, तरी तिथे उरलेल्यांना त्याचा म्हणण्यासारखा फायदा झाला नाही. म्हणजे नुसती वर्गातली मुलं कमी करूनही भागत नाही, माझ्यासारख्या संख्येवरून ओरडणाऱ्यांनी हेही ऐकायला हवं. त्यांच्या पातळीवर जाऊन शिकवलं तेव्हा मुलं शिकली. २०१९ मध्ये याच धाटणीच्या कामासाठी दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह नोबेल मिळालं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला आपल्या संसदेनं नापास परत आणलं होतं.

एवढं हाताशी असताना पाचवी-आठवीच्या परीक्षेवर आपण इतके भाळलो कशाला? कारण नापास करणं स्वस्त आहे. त्याला बालसखी लागत नाही, रिकामी जागा भरावी लागत नाही, निवडणूक आयोगाशी भांडावं लागत नाही. प्रश्नपत्रिका छापल्या की झालं. शिवाय दोष जागच्या जागी बसतो. कलम २४ कुणी पाळलं नाही हा प्रश्न मिटतो आणि मूल नापास झालं एवढंच उरतं.

दुरुस्त कायद्यात एक तरतूद मात्र आहे आणि तिच्याबद्दल नापासवादी चकार शब्द काढत नाहीत. नापास झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन द्यायचं आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा घ्यायची. आता मुंबईचं वेळापत्रक डोळ्यांपुढे आणा. निकाल लागतो तो मे महिन्याच्या तोंडावर. मेमध्ये शाळेला कुलूप, शिक्षक रजेवर, आणि अर्धी वस्ती गावाला. कुणी जौनपूरला, कुणी जालन्याला. ते जादा मार्गदर्शन कोण करणार, कुणाला, कुठल्या खोलीत? चार-पाच वर्षांचा खड्डा मे महिन्यात भरून निघेल असं ज्यानं हा नियम लिहिला त्याला खरोखर वाटलं असेल, तर त्यानं एकदा नववीच्या वर्गावर येऊन तास घ्यावा.

नियम राहायचाच असेल तर माझी मागणी साधी आहे. आठवीच्या निकालपत्रकात 'नापास'च्या शेऱ्याशेजारी तीन रकाने वाढवा: या मुलाला जूनमध्ये कितपत वाचता येत होतं आणि मार्चमध्ये कितपत, वर्षभरात त्याला जादा शिकवण्याचे किती तास मिळाले, आणि ते कुणी घेतले. खाली मुख्याध्यापकाची आणि प्रशासकीय अधिकाऱ्याची सही. यातला एकही रकाना रिकामा असेल तर त्या मुलाला मागे ठेवता येणार नाही, एवढी ओळ नियमात घाला. ती ओळ घातली आणि पाळली गेली, तर या नियमाला असलेला माझा विरोध मी लेखी मागे घेईन.